भंगारातला ऑर्गन आणि रोजची वीस मिनिटं

शनिवारी संध्याकाळी लोकांच्या घरी काय येतं? पिझ्झा येतो, पाहुणे येतात, फार तर ईएमआयवर घेतलेला टीव्ही येतो. माझ्या घरी टेम्पो आला. त्यातून चार माणसांनी 'हळू, हळू' असं ओरडत एक ऑर्गन उतरवला. सोमवारी ऑफिसात सांगितलं, "यार, मी ऑर्गन घेतला", तर पहिल्या तिघांनी काळजीने विचारलं, "कुणाला डोनेट करतोयस?"

तर मंडळी, किडनी नव्हे. वाद्य. आपल्या संगीत नाटकात गायकाच्या साथीला असतो तो, पायाने वारा भरायचा ऑर्गन. जुनी माणसं त्याला पायपेटीही म्हणतात.

मी शेलारला राहतो. भिवंडीतून वाड्याच्या रस्त्याला लागायचं, नदीनाका ओलांडायचा, की आलं शेलार. एका हाताला यंत्रमागांचे कारखाने, दुसऱ्या हाताला गोडाउनं. तुम्ही रात्री बारा वाजता ऑनलाइन मागवलेला मोबाइल कव्हरचा डबा ज्या पट्ट्यातून निघतो, त्यातल्याच एका गोडाउनच्या माळ्यावर माझं ऑफिस आहे. ठाण्यातून रोज ट्रॅफिकमध्ये दोन तास घालवण्यापेक्षा इथे वन बीएचके भाड्याने घेतलेला परवडला. तोटा एकच. खिडकीखाली माग चालतात, खटखट, खटखट, चोवीस तास. पहिला महिनाभर झोप लागेना. आता सुटीला घरी गेलो की शांततेने जाग येते.

गेल्या काही वर्षांत भिवंडीतले पुष्कळ माग भंगारात निघाले. माझ्या रस्त्यावर एक भंगारवाला आहे, त्याच्या अंगणात मागांचे सांगाडे गॅस कटरने कापत असतात. बाइकच्या फूटरेस्टसाठी एक नट हवा होता म्हणून त्या शनिवारी आत शिरलो. कोपऱ्यात चहाची किटली ज्यावर ठेवली होती ते टेबल जरा विचित्र वाटलं. टेबलाला खाली दोन पायटे कशाला असतील?

किटली उचलून झाकण उघडलं. पिवळ्या पडलेल्या पट्ट्या, चांगल्या एकसष्ट. वर लाकडी खुंट्यांची रांग. मधोमध सोनेरी अक्षरांत नाव, एस्टी, ब्रॅटलबरो, व्हर्मांट.

"भाई, ये कहाँ से आया?"

"किसी नाटकवाले के गोदाम से. बजता नहीं है, साब."

"कितने का?"

भाईने आधी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नौ हज़ार. लेकिन सोमवार तक बोलो. एक कैफ़ेवाले आनेवाले हैं, इसका काउंटर बनाएँगे. वो नहीं आए तो तोड़ेंगे. अंदर पीतल है."

म्हणजे त्या ऑर्गनपुढे दोन रस्ते होते. एक, पोट कापून त्यात कॉफीचे मग मांडायचे. दोन, पितळ किलोवर. तिसरा रस्ता मी होतो, आणि माझ्या खात्यात महिनाअखेरचे अकरा हजार होते.

मी घेतला. कारण शहाणपणाचं नव्हतं. शाळेत असताना मी पाच वर्षं पेटी शिकलो होतो, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या तीन परीक्षाही दिल्या होत्या. बारावीच्या वर्षी 'तात्पुरती' बंद केली. ते तात्पुरतं आता चौदा वर्षांचं झालंय. तुमचंही असं काहीतरी तात्पुरतं बंद असणारच. तबला, चित्रकला, टेबलटेनिस, कुणाचं काय.

तर हा अमेरिकेतला ऑर्गन नाटकवाल्याच्या गोदामात कसा आला? म्हटलं तर सरळ गोष्ट आहे. एस्टी ही अमेरिकेतली फार मोठी कंपनी. 1960 मध्ये बंद पडेपर्यंत तिने असे पायाचे ऑर्गन पाच लाखांहून जास्त बनवले. हे ऑर्गन बोटीत बसून जगभर गेले, चर्चमध्ये, मिशनच्या शाळांत, आणि आपल्याकडे थेट रंगभूमीवर. किर्लोस्करांचं 'शाकुंतल' 1880 मध्ये पुण्यात उभं राहिलं आणि नाटकातलं गाणं हे महाराष्ट्राचं वेड झालं. पण तेव्हा माइक नव्हते. शेवटच्या रांगेतल्या पिटातल्या माणसापर्यंत सूर पोचायचा तर मोठ्या छातीचं वाद्य हवं. गंधर्व नाटक मंडळीत, म्हणजे 1913 नंतरच्या बालगंधर्वांच्या कंपनीत, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे अशी साथ असे. पुढे गोविंदराव पटवर्धन आणि तुळशीदास बोरकर यांनी पेटीबरोबर ऑर्गनही गाजवला. बोरकरांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. आज ऑर्गन वाजवणारे मोजके आहेत. कीबोर्डवर 'ऑर्गन'चा टोन लावून काम भागवणारे जास्त. त्यांचंही चूक नाही, कीबोर्ड रिक्षात बसतो. हा बसत नाही.

आता इंग्रजी सिनेमात दिसतो तो ऑर्गन वेगळा. चर्चच्या भिंतीएवढा, नळ्यानळ्यांचा. मुंबईत फोर्टमधल्या सेंट थॉमस कथीड्रलमध्ये तसा पाइप ऑर्गन आहे. त्यात प्रत्येक सुराला स्वतंत्र नळी असते. आपण खर्जातला म्हणू तसा खालचा एक सा घ्या. त्याची उघडी नळी साधारण आठ फूट उंच. माझ्या हॉलचं छत साडेनऊ फुटांवर आहे, म्हणजे एक सूर कसाबसा मावेल, पंखा काढून. नळीचं वरचं तोंड बंद केलं तर निम्म्या उंचीत तोच सूर निघतो, घरगुती पाइप ऑर्गन बांधणारे हीच युक्ती करतात. युरोप-अमेरिकेत बंद पडलेल्या चर्चमधले असे ऑर्गन उतरवून, नळ्यांना नंबर घालून गॅरेजमध्ये पुन्हा उभे करणारे हौशी लोक आहेत. पण पूर्वी तिथल्या विद्यार्थ्यांपुढेही आपल्यासारखाच प्रश्न होता, रियाज कुठे करायचा? चर्चमधल्या ऑर्गनला वीज येण्याआधी भाता हलवायला एक माणूस लागायचा. रोज त्याला कोण बोलावणार? म्हणून घरी सरावाला रीडचे ऑर्गन घेतले जात. काहींना तर पायाने सूर वाजवायच्या मोठ्या पट्ट्याही खाली जोडलेल्या असत. थोडक्यात, माझ्या हॉलमधला हा डबा मुळातच गरिबाचा पाइप ऑर्गन आहे. आठ फुटांच्या नळीचं काम इथे बोटाएवढी पितळी पट्टी करते.

टेम्पोवाला गेल्यावर मी खुर्ची ओढली, पायटे दाबले. फुस्स. आतून एक झुरळ बाहेर आलं आणि माझ्याकडे 'कोण पाहिजे?' अशा नजरेने पाहून परत आत गेलं.

डोंबिवलीत एक पेटीवाले काका आहेत. वय सत्तरच्या पुढे, फोनवर बोलणं मोजकं. "अमेरिकन आहे का? मग आतला वारा ओढतो की ढकलतो, ते पाहा आधी." मला कळेना. तेव्हा त्यांनी शिकवलं ते असं. आपली हातपेटी वारा ढकलते. भाता दाबला की हवा रीडमधून बाहेर जाते. फ्रान्समध्ये डेबेनने 1842 मध्ये पेटंट घेतलेलं हार्मोनियमही तसंच. अमेरिकन ऑर्गन मात्र उलटा. पायटा दाबला की आतली हवा उपसली जाते, आणि पट्टी दाबली की बाहेरची हवा रीडमधून आत ओढली जाते. हातपेटी उच्छ्वासावर गाते, हा श्वासावर. म्हणून याचा आवाज मऊ आणि गोल लागतो. दोन्ही पाय वाऱ्याला दिल्याने दोन्ही हात मोकळे राहतात, हा आणखी एक फायदा. हातपेटीत डावा हात जन्मभर भात्याला बांधलेला.

पुढच्या रविवारी काका स्वतः आले. लोकलने कल्याण, तिथून एसटीने भिवंडी, पुढे शेअर रिक्षा. पिशवीत जुना टूथब्रश, बारीक कानस, एक लांब आकडा आणि सरसाचा डबा. मागची फळी काढली आणि आत जे दिसलं ते सांगतो. उंदराचं घर. त्यात एका जाहिरातीचा कपटा. भात्याच्या कापडाला घड्यांवर भेगा. पट्ट्यांखालच्या लोकरीच्या नमद्याला कसर. एका कोपऱ्यात वाळवीची वाट, नशिबाने जुनी.

काका आनंदाने म्हणाले, "चांगला आहे."

"काका, हा चांगला?"

"अरे, रीड सगळे आहेत. लाकूड, कापड, चामडं बदलता येतं. रीड गेले असते तर मी आलो तसा परत गेलो असतो."

आकड्याने एकेक रीड ओढून काढायचा, टूथब्रशने धूळ झाडायची, परत त्याच घरात सरकवायचा. दोन रांगा, एकशेबावीस रीड. मी चहा करत होतो आणि एक्सेल शीटमध्ये नंबर टाकत होतो, आयुष्यात पहिल्यांदा माझी एक्सेल कलेच्या कामी आली. गप्प असलेले बहुतेक रीड फक्त धुळीने गप्प होते. एखादा बेसूर असेल तर टोकाकडून किंचित घासला की चढतो, बुडाकडून घासला की उतरतो. मी लगेच फोनवर ट्यूनर उघडला. सगळेच सूर आजच्या हिशेबापेक्षा थोडे उतरलेले निघाले.

"काका, सगळे चढवायचे ना?"

"कशाला? आपापसात जुळलेत ना? त्या काळात हाच सूर असेल त्यांचा. घासलेलं पितळ परत येत नाही. तू तंबोरा याला मिळव."

मी फोन खिशात ठेवला.

भात्याला रबराचं नवीन कापड चढवायचं होतं. मी उत्साहाने फेविकॉल पुढे केला. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला बारावीचा निकाल आठवला. "सरस लाव. गरम पाण्याच्या वाफेवर सुटतो तो. आणखी चाळीस वर्षांनी कुणीतरी हा उघडेल, त्याला उघडता आला पाहिजे." पुढच्या माणसाचा असा विचार आमच्या ऑफिसात कुणी एका ईमेलमध्येही करत नाही.

पायट्यांचे पट्टे कुजले होते. तसे पट्टे कुठे मिळणार, यावर आम्ही बोलत असताना खालच्या कारखान्यातले जॉबर, मागांची दुरुस्ती करणारे चाचा, वर डोकावले. आठवडाभर त्यांना उत्सुकता होती की हा पोरगा लाकूड का ठोकतोय. त्यांनी कुजलेला पट्टा बोटांत फिरवला, खाली गेले आणि मागाला लागतो तसला जाड सुती पट्टा घेऊन आले. काकांनी तो ओढून पाहिला. एक मराठी, एक उत्तर प्रदेशातले, दोघांनी एकमेकांच्या भाषेत फारसं न बोलता दहा मिनिटांत दोन्ही पायटे बांधले. आज माझा ऑर्गन भिवंडीच्या पट्ट्यावर चालतो.

तीन रविवार आणि बावीस हजार रुपये. त्यात काकांची मजुरी कमी, कापड-चामड्याचा खर्च जास्त. खालच्या सप्तकातला एक रीड तडकलेला निघाला, तो मुकाच ठेवला. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी काकांनी खुंट्या ओढल्या, गुडघ्याने बाजूची दांडी ढकलून आवाज मोठा केला आणि भीमपलास लावला. ती दांडी म्हणजे गाडीचा गिअर, गुडघा जितका बाहेर तितका आवाज मोकळा. खाली माग चालूच होते. पण खोली भरली, बॉस. ज्या भिंतींना मी सहा महिने फक्त डिपॉझिट म्हणून ओळखत होतो, त्या वाजत होत्या.

इथे लेख संपवला असता तर छान झालं असतं. फोटो काढला, इन्स्टावर टाकला, एकशे चाळीस लाइक्स आले. बॉसनेही हार्ट दिलं. आणि त्यानंतर मी पाच आठवडे ऑर्गन उघडला नाही.

कारणं नेहमीचीच. सेल सीझन, नाइट शिफ्ट, अप्रेझल. ऑर्गनवर आधी लॅपटॉपची बॅग आली, मग इस्त्रीचे कपडे, मग हो, चहाची किटली. सहाव्या आठवड्यात पाऊस लागला. एका रात्री पाहिलं तर सात पट्ट्या दाबलेल्या, फुगून अडकलेल्या. आणि आत, कोपऱ्यात, नवीन कापडाचा कुरतडलेला भुगा.

काकांना फोन केला. ते चिडले नाहीत, हीच पंचाईत झाली.

"पट्ट्या सुकल्या की सुटतील. भिंतीपासून वीतभर लांब ठेव. उंदराचं काय करायचं ते तुला कळतं. पण मला एक सांग, त्या कॉफीवाल्याने नेला असता तर काय बिघडलं असतं? त्याने रोज पुसला तरी असता."

लागलं. कारण खरं होतं. मी ऑर्गन वाचवला नव्हता, फक्त जागा बदलली होती. काका पुढे म्हणाले ते मात्र पेटीवाल्याचं शुद्ध तंत्र होतं. रोज वाजवलं की भात्याचं कापड हलतं, घड्या कडक होत नाहीत. रीडवर धूळ बसायला वेळ मिळत नाही. पट्ट्या हलत्या राहतात. उंदराला रोज भूकंप झाला की तो दुसरं घर बघतो. "वाद्याला मेंटेनन्स म्हणजे रियाज," काका म्हणाले, "बाकी सगळं पॉलिश."

म्हणून आता नियम केलाय. रोज वीस मिनिटं, ऑफिसला निघण्याआधी. अर्धा तास म्हटला असता तर तिसऱ्या दिवशी मोडला असता, मी मला ओळखतो. पहिली पाच मिनिटं फक्त पाय, एकही पट्टी न दाबता. डावा-उजवा, डावा-उजवा, वारा तुटता कामा नये. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा. माझे पाय जिममध्ये वीस किलो उचलतात, पण सलग एक सूर मिनिटभर हलला नाही असं व्हायला सतरा दिवस लागले. मग दहा मिनिटं अलंकार, दोन्ही हातांनी. डावा हात चौदा वर्षांपूर्वी फक्त भाता हलवत होता, त्याला बिचाऱ्याला आता नोकरी लागल्यासारखं वाटतंय. शेवटची पाच मिनिटं एकच नाट्यपद, तेही तुकड्यातुकड्याने. मुका सूर आला की वरच्या सप्तकातला घेतो. 'आकाशवाणी'ने 1940 ते 1971 पेटीला दारच बंद ठेवलं होतं, कारण तिला मींड घेता येत नाही आणि श्रुती नेमक्या लागत नाहीत. आक्षेप खोटा नाही. पण ज्याला अजून साधा सा सलग धरता येत नाही, त्याने श्रुतींच्या नावाने गळा काढू नये.

तुम्हालाही असा एखादा सापडला, जुन्या बाजारात, कुणाच्या आजोबांच्या माडीवर, बंद नाटक कंपनीच्या सामानात, तर चार गोष्टी बघा. सगळ्या खुंट्या बंद ठेवून पायटे मारा, पाय जड झाला तर भाता जिवंत आहे, गादीसारखा खाली गेला तर कापड गेलं. मागची फळी काढून रीड मोजा, घरं रिकामी असतील तर नमस्कार करून निघा. लाकडाला टोचून वाळवी पाहा. आणि जिना मोजा, कारण चार माणसं त्याला वर आणतील, पण वळणावर तो स्वतःचं मत सांगतो. पाचवी गोष्ट दुकानात दिसणार नाही, ती तुमच्या कॅलेंडरमध्ये आहे. रोजची वीस मिनिटं मोकळी आहेत का? नसतील तर कॅफेवाल्याला घेऊ द्या. रागाने नाही म्हणत. निदान कुणीतरी पुसेल.

खालचा कारखाना शुक्रवारी बंद असतो. गेल्या शुक्रवारी मी उशिरा, अकराला बसलो. माग नव्हते, त्यामुळे माझ्या चुका पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू आल्या, आणि त्या बऱ्याच होत्या. वीस मिनिटांनी झाकण लावलं तर दारात चाचा उभे.

"पट्टा ठीक है?" त्यांनी विचारलं.

"एकदम, चाचा."

"और बजाना?"

"वो अभी ढीला है."

चाचांनी मान हलवली. "रोज़ चलाओ," ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले.